थॉमसचा संशय आणि खारघरचे ऊन



१६ एप्रिल २०२३ हा पास्काकाळातील दुसरा रविवार होता, दैवी दयेचा रविवार. त्या सकाळी जगभरातील कॅथलिक चर्चमध्ये संत थॉमसच्या संशयाचे शुभवर्तमान वाचले गेले. मिस्सा आटोपून लोक घरी जेवायला बसले असतील-नसतील, तोवर आपल्या बेलापूरहून लोकलने एकाच स्टेशनावर असलेल्या खारघरच्या मैदानात माणसे उन्हाने कोसळत होती. 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा होता. आप्पासाहेब धर्माधिकारी ह्यांना गुरुस्थानी मानणारे लाखो लोक राज्यभरातून आले होते, कित्येक जण तर आदल्या रात्रीच. व्यासपीठावर छत होते, समोरच्या जनसमुदायावर नव्हते. १४ जण दगावले. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती.

ती माणसे आपल्या धर्माची नव्हती. परंतु गुरूचे चार शब्द कानांवर पडावेत म्हणून तासन्‌तास उन्हात बसून राहणारी श्रद्धा आपल्याला अनोळखी आहे का? सरोवराकाठी प्रभूच्या मागे गेलेला लोकसमुदाय असाच होता. आणि प्रभूने तेव्हा काय केले? शिष्यांना सांगून लोकांना हिरवळीवर बसवले आणि त्यांच्या भुकेची सोय केली. प्रवचन कितीही मोठे असो, समोरच्याला शरीर आहे हे प्रभू कधी विसरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, हे सगळे ग्लोबल वॉर्मिंग आहे, त्याला कोण काय करणार? कोणी म्हणाले, कसले वॉर्मिंग? पारा ३८ अंशांच्या आसपास होता, एवढे ऊन आमच्या आजोबांच्या वेळीही पडत होते, दोष आयोजकांचा. कोणी चेंगराचेंगरीचा आरोप केला. सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडले, चौकशीसाठी समिती नेमली गेली, उन्हाचा कडाका ओसरेपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असे सरकारने जाहीर केले. महिन्याभरात मेलेली माणसे विस्मरणात गेली. वाद मात्र राहिला, आणि तो आपल्या चर्चच्या आवारात, सोसायटीच्या बैठकीत, लोकलच्या डब्यात आजही ऐकू येतो. जानेवारीत दोन दिवस स्वेटर घालावा लागला की तो पुन्हा रंगतो!

ह्या वादात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पृथ्वी तापते आहे का आणि कोणामुळे, हा एक. आपल्या दाराशी संकट आले तेव्हा उत्तरदायी कोण, हा दुसरा. बरेच लोक पहिल्या प्रश्नाच्या आडोशाने दुसऱ्यातून निसटतात, आणि काही जण दुसऱ्याच्या आडोशाने पहिल्यातून.

आधी थॉमसकडे पाहू. त्याला आपण उगाच बदनाम केले आहे. पुनरुत्थित प्रभू आला तेव्हा तो खोलीत नव्हता. इतरांनी सांगितलेले त्याला पटले नाही. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. परंतु आठ दिवसांनी तो त्याच खोलीत हजर होता! पुरावा जिथे मिळण्याचा संभव होता तिथे तो आला. प्रभूने त्याला हाकलून दिले नाही. आपला हात पुढे केला. संशय घेणे हे पाप नव्हे. संशय घेऊन त्या खोलीकडे पुन्हा फिरकायचेच नाही, हे मात्र थॉमसच्या नावावर खपवता येणार नाही.

तर मग आपणही बोट लावून पाहू. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० कण होते. १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर आहेत. हा वाढीव वायू कशातून आला, ह्याची खूण त्याच्या अंगावरच आहे. जिवंत झाडात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सर्गी कार्बन थोडासा असतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली पडून राहिलेल्या कोळशात आणि खनिज तेलात तो संपूर्ण विझलेला असतो. जसजसे आपण कोळसा आणि तेल जाळले, तसतसे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ झाल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. आणि 'सूर्यच जास्त तापला असेल' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक खूण आहे. सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंडावतो आहे. पांघरूण जाड झाल्यावर असेच होणार. जागतिक हवामान संघटनेच्या मोजणीनुसार २०२४ हे तोपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, १८५० ते १९०० ह्या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक.

'पण शास्त्रज्ञही चुकतात की!' चुकतात. २००७ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे एक विधान होते. भारत सरकारने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणाने हिमनद्यांबद्दलच्या ह्या घाईच्या निष्कर्षांना हरकत घेतली, मोठा वाद झाला, आणि जानेवारी २०१० मध्ये ते विधान पुराव्यावर आधारलेले नव्हते, असे त्या मंडळाने मान्य केले. चूक तपासात सापडली आणि जाहीरपणे मागे घेतली गेली. ह्यामुळे माझा तरी त्या मंडळींवरील विश्वास वाढला. एक आकडा चुकला म्हणून हिमनद्या वितळायच्या थांबल्या नाहीत.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या पत्रात स्पष्ट केले होते की, शास्त्रीय प्रश्नांचा निकाल लावणे हे चर्चचे काम नाही. प्रामाणिक आणि खुली चर्चा व्हावी. आठ वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, त्यांनी 'लाउदाते देउम्' लिहिले, तेव्हा त्यांचा सूर बदलला होता. हवामानबदलाला माणूस कारणीभूत आहे ह्याविषयी आता शंकेला जागा उरलेली नाही, असे त्यांनी लिहिले. ही उघड गोष्ट पुन्हा का सांगावी लागते? तर कॅथलिक चर्चच्या आतसुद्धा तिला तुच्छ लेखणारी मते आपल्याला भेटतात म्हणून, अशी खंत त्यांनी नोंदवली. रोमला बसलेल्या पोपमहोदयांना आपल्या आवारातील गप्पा कशा ऐकू आल्या असाव्यात कोण जाणे!

आता खारघरकडे परत येऊ. ३८ अंश हा विदर्भातल्या माणसाला थट्टेचा विषय वाटेल. परंतु खाडीकाठी हवा दमट असते. घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. त्या एप्रिलमध्ये भारत आणि बांगलादेशात पसरलेला दमट उष्मा हवामानबदलामुळे किमान ३० पट अधिक संभाव्य झाला होता, असे शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पुढच्याच महिन्यात दाखवले. म्हणजे ग्लोबल वॉर्मिंग म्हणणारे खोटे नव्हते. आणि छत नव्हते, भर दुपारची वेळ होती, म्हणणारेही खोटे नव्हते. पृथ्वीचे तापमान कोणा एकाच्या हातात नव्हते. मंडप, पाणी आणि घड्याळ हे मात्र हातात होते. ऊन वाढते आहे हे ठाऊक असलेल्याची जबाबदारी त्यामुळे वाढते, कमी होत नाही.

हीच गोष्ट आपल्या बेलापुरात पाण्याच्या बाबतीत आहे. सिडकोने खाजणात भराव घालून नगर वसवले तेव्हा भरतीचे पाणी काही भागांपेक्षा उंच येते हे ओळखून डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरती असताना झडपा बंद राहतात आणि पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की ते खाडीत जाते. वर्षानुवर्षे तलावांत गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून खारफुटी तोडायला मनाई केली आहे, २०१८ च्या निकालाने ती कायम केली. त्यामुळे गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते. मग भांडण: माणूस आधी की खारफुटी?

मला हे भांडण खोटे वाटते. दोन्ही बाजू एकाच पाण्याला भ्यायल्या आहेत. मोकळ्या खाडीकाठची खारफुटी लाटांचा जोर मोडते. तलावात उगवलेली खारफुटी तलावाची जागा खाते. दोघींची कामे निराळी, म्हणून निर्णयही निराळे हवेत. जगातील समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ ह्या काळात सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत चढली. समुद्र जितका चढेल, तितका वेळ झडपा उघडता येणार नाहीत आणि तितका मोठा तलाव लागेल. नेमक्या अशा काळात तलाव गाळाने भरू देणे आणि काठच्या पाणथळ जागांवर भराव घालणे, ही दोन्ही कामे आपल्या हातांची आहेत. घरात पाणी शिरल्यावर 'हवामान बदलले हो' म्हणून वर बोट दाखवता येईल, पण त्या बोटाला व्रण सापडणार नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात प्रभू लोकांना टोचून बोलतो. पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार हे तुम्हाला कळते, दक्षिणेचा वारा सुटला की उष्मा होणार हे कळते; मग आत्ताचा काळ का ओळखता येत नाही? कोकणातल्या माणसाला हे दोन्ही दाखले समजावून सांगावे लागत नाहीत. परंतु त्यालाच लागून येणारा दाखला आपण सहसा ह्याला जोडून वाचत नाही. प्रतिवादीबरोबर न्यायाधीशाकडे निघाला आहेस, तर वाटेतच त्याच्याशी मिटवून टाक. नाहीतर शेवटची दमडी फेडेपर्यंत सुटका नाही. वाद जिंकण्यासाठी न्यायालयापर्यंत जायला वेळ असतो. वाट मात्र तेवढ्यात संपते.

आणि दमडी कोण फेडणार? 'अमेरिका धूर करते, आम्ही का भोगावे' हा प्रश्न रास्त आहे. एका भारतीयामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, एका अमेरिकनामागे सुमारे १४ टन. श्रीमंत देश गरीब देशांचे पर्यावरणीय ऋणको आहेत, असे पोप फ्रान्सिस ह्यांनीही लिहिले. पण तोच प्रश्न सोसायटीच्या फाटकावर पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेला वॉचमन आपल्याला विचारू शकतो. आपल्या खोलीतून बाहेर फेकलेली एसीची गरम हवा कोणाच्या अंगावर येते?

एक कामाची गोष्ट. गुड फ्रायडेला आपण क्रुसाची वाट उघड्यावर चालतो. म्हातारी माणसे येतात, गरोदर स्त्रिया येतात, बरेच जण उपवास करून येतात, आणि चौदा स्थाने पुरी व्हायला वेळ लागतो. ही भक्ती सकाळी लवकर ठेवावी की सूर्य कलल्यावर, सावली कुठे असावी, पाणी कोणी वाटावे आणि उपवासात पाणी प्यायला हरकत नाही हे कोणी सांगावे, ह्यावर पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत बोलायचे आहे. उन्हात त्याग असतो, असे मानणारे काही ज्येष्ठ आपल्यात आहेत. त्यांनी बैठकीला अवश्य यावे.