आमची मोरी वारीला जाते

माणूस खरा की खोटा हे ठरवायला हरिश्चंद्राची कसोटी लागत नाही. मोरीत बादलीभर साबणाचे पाणी ओतावे आणि 'कुठे गेलं?' असे त्याला विचारावे. 'गेलं!' एवढेच उत्तर येते. मीही जन्मभर तेच देत आलो.

ही समजूत मोडली आत्याने. आत्या पंढरपूरची. मोतीबिंदू काढायला आमच्याकडे पुण्याला आली होती. एके सकाळी मी दाढी करीत असता म्हणाली, "बाळ्या, हे सगळं आमच्याकडेच येतं, बरं का."

"काय येतं?"

"तुझा फेस."

मी नकाशा काढला. भूगोल आत्याच्या बाजूने होता. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळामुठा पुढे भीमेला, भीमा उजनीच्या धरणात जरा टेकते आणि पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा होते. म्हणजे आषाढीला मी जावो न जावो, माझी मोरी बारा महिने वारी करते!

"अगं, मध्ये शुद्धीकरण केंद्र असतं," मी अब्रू राखायला म्हटले.

"पाहिलंयस?"

पाहिले नव्हते. ओळख काढून आम्ही दोघे गेलो. आधी जाळ्यांत चिंध्या न् प्लास्टिक अडकते, मग वाळू खाली बसते. पुढे मोठमोठ्या टाक्यांत खालून हवा सोडतात, की जिवाणूंची पंगत बसते. ते घाण खातात, त्यांचे पुंजके होतात आणि पुढच्या टाकीत तळाशी बसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना परत पहिल्या टाकीत कामाला पाठवतात; सरकारी भाषेत मुदतवाढ! आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी 1914 साली मँचेस्टरला ही युक्ती जगापुढे मांडली. तसे नदीही हेच करते, फक्त सावकाश. तिला वेळ लागतो आणि हवा लागते. आपण दोन्ही देत नाही.

तिथला तरुण इंजिनीअर अभिमानाने म्हणाला, "आजी, हे पाणी आता नदीत सोडायला चालतं."

"प्यायला?"

"छे, प्यायला नाही."

"मग देवाला?"

पोरगा प्रामाणिक होता. जरा थांबून म्हणाला, "आणि आजी, सगळंच पाणी आमच्यापर्यंत पोचतं असं नाही. काही नाल्यांतून परस्पर जातं. साबणातला फॉस्फेटही इथून बराचसा निसटतो. त्याच्यावर जलपर्णी माजते."

परतताना रिक्षात मी वकिली सुरू केली. मी कर भरतो, पावती आहे. तेव्हा माझी घाण आता माझी नाही, नगराची आहे.

आत्या म्हणाली, "श्राद्धाला ब्राह्मण बसवला म्हणून बाप तुझा राहिला नाही का रे?"

यावर पावती काय दाखवणार? पण रात्री आणखी एक पळवाट सुचली. लाखो लोकांच्या घाणीत माझी बादली ती कितीशी? भागाकार केला की माझ्या वाट्याला पाप जवळजवळ शून्यच येते. छान झोप लागणार, तोच लक्षात आले की भागाकार आम्ही करतो. नदी बिचारी बेरीज करते. तिला दुसरे गणित येत नाही. आणि माझ्यासारखे लाखो शून्य-पापी एकत्र आले, की उजनी हिरवी होते.

तेव्हापासून मी साबण बेताने वापरतो. याने चंद्रभागा निर्मळ होणार नाही, ठाऊक आहे. पण 'गेलं' म्हणायची जीभ आता होत नाही.

यंदा माघीला पंढरपूरला गेलो. लहानपणी आत्या पहाटे वाळवंटात नेऊन तीर्थाची ओंजळ माझ्या तोंडाशी धरायची. यंदाही तिने ओंजळ भरली. मी पुढे झालो, तशी तिने हात मागे घेतला.

"तू नको रे घेऊ. तुझं पोट नाजूक, बाधेल तुला."

आणि डोळे मिटून स्वतः घेतले.