आधी हात कोणाचा गेला?

वेस्टर्न कथेतल्या नायकाचे निर्दोषत्व अर्ध्या सेकंदावर उभे असते. धुळीचा रस्ता, बंद झालेली दुकानांची दारे, समोरासमोर दोन माणसे. खलनायकाचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे आधी जातो. नायकाचा नंतर जातो, पण आधी पोचतो. तेवढ्यावर नायक सुटतो. कायद्यापुढे सुटतो, गावापुढे सुटतो, वाचकापुढे तर सुटतोच. माणूस मारूनही ज्याच्या हाताला रक्त लागत नाही असा हा नायक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या स्वस्त मासिका-साप्ताहिकांनी अखंड छापला आणि आता त्यातल्या कितीतरी कथा ध्वनिरूपात कानावर पडतात. माझे म्हणणे असे आहे की एकट्या वाचकाच्या आवाजात त्या कथा ऐकू लागले की अर्ध्या सेकंदाचा तो बचाव टिकत नाही. हा काही श्राव्य माध्यमाचा चमत्कार नव्हे. हिंसेचे पाप नेमके कुठे बसते, हातात की मनात, हा जुना प्रश्न छापील पानाने या कथांपुरता झाकून ठेवला होता. कान तो उघडा पाडतो.

आधी या कथांचा संसार पाहू. लाकडाच्या लगद्यापासून केलेला खरबरीत, स्वस्त कागद हे या मासिकांचे मूळ. ‘पल्प’ हे नाव त्यावरूनच पडले. फ्रँक मन्सी यांनी १८९६ मध्ये ‘आर्गसी’ अशा कागदावर फक्त कथांसाठी काढले आणि वाट पडली. १९१९ मध्ये स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेचे ‘वेस्टर्न स्टोरी मॅगझिन’ आले. लेखकांना मोबदला शब्दांवर मिळे. ‘मॅक्स ब्रँड’ या नावाने गाजलेला लेखक म्हणजे फ्रेडरिक फाउस्ट. लहानपणीच पोरका झालेला हा माणूस कवी व्हायला निघाला होता, पोटासाठी काउबॉय लिहीत राहिला, बरीच वर्षे इटलीत फ्लॉरेन्सला राहिला आणि १९४४ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून इटलीतल्याच आघाडीवर मारला गेला. पल्पच्या त्या कागदात आम्ल असते. तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, मग बोट लावताच त्याचा चुरा होतो. कथांचे नशीब कागदापेक्षा बरे. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे लेखनहक्काचे २८ वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. पुष्कळांचे ते राहून गेले आणि त्या कथा सर्वांच्या झाल्या. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’सारख्या उपक्रमात स्वयंसेवक अशाच हक्कमुक्त झालेल्या जुन्या साहित्याचे वाचन विनामूल्य ध्वनिमुद्रित करतात.

आता तो अर्धा सेकंद. तो कथाकारांनी हवेतून काढलेला नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात अंगावर कोणी चालून आले तर आधी मागे हटणे हे माणसाचे कर्तव्य मानले जाई. पाठ भिंतीला टेकली तरच जीव घेणे क्षम्य ठरे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी हे कर्तव्य गळून पडले. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये, इंडियानाच्या न्यायालयाने १८७७ मध्ये मागे न हटण्याच्या बाजूने कौल दिला आणि १९२१ मध्ये टेक्सासमधल्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी सांगितले की उगारलेल्या सुऱ्यासमोर शांतपणे विचार करण्याची अपेक्षा माणसाकडून करता येत नाही. रिचर्ड मॅक्सवेल ब्राउन या इतिहासकाराने हा सारा प्रवास ‘नो ड्यूटी टू रिट्रीट’ या १९९१ च्या पुस्तकात मांडला आहे. कायदा असा बदलल्यावर उरतो एकच प्रश्न: सुरुवात कोणी केली? वेस्टर्न कथेने तो प्रश्न उचलला आणि त्यालाच नीतिशास्त्र करून टाकले. प्रत्यक्षात असल्या समोरासमोरच्या लढती फार थोड्या झाल्या. १८६५ च्या जुलैत मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात हिकॉक नावाच्या बंदूकबाजाने टट नावाच्या माणसाला मारले, तो प्रसंग इतका गाजला त्याचे एक कारण त्याचे दुर्मीळपण. इतिहासकार रॉबर्ट डिक्स्ट्रा यांनी कॅन्ससमधल्या पाच गुरेबाजारांच्या गावांचा हिशेब काढला तेव्हा १८७० ते १८८५ या काळात मिळून ४५ खून निघाले. एवढे मुडदे मॅक्स ब्रँडच्या जातीचा लेखक एका उन्हाळ्यात सहज पाडत असेल.

कायद्याला ‘आधी कोण’ हे विचारावेच लागते, कारण साक्षीदाराला हात दिसतो, मन दिसत नाही. पण धर्मविचाराला या सवलतीवर थांबता येत नाही. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्राण घेण्यापासून सुरू होत नाही. प्रमत्त, म्हणजे रागद्वेषाने बेसावध झालेल्या मनापासून सुरू होते. प्राण जाणे हा तिचा दुसरा भाग. त्याच परंपरेने गृहस्थासाठी हिंसेचे प्रकार पाडले. स्वयंपाकपाण्यात होते ती आरंभी, धंद्यात होते ती उद्योगी, आक्रमणाला तोंड देताना होते ती विरोधी, आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला विरोधी हिंसा एक वेळ माफ. संकल्पी मात्र नाही. तिकडे तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसही जवळपास याच उंबरठ्यावर येऊन उभा राहतो: स्वतःचा जीव वाचवताना समोरचा मेला तर ते क्षम्य, मात्र त्याला मारणे हाच हेतू असता कामा नये, तसा हेतू, तोही लोकहितासाठी, फक्त सार्वजनिक अधिकार असलेल्याला चालतो. (शेवटच्या क्षणी नायकाच्या छातीवर शेरीफचा तारा का लावला जातो, हे अक्वायनस वाचल्यावर चांगले समजते.) या दोन मापांनी मोजले तर वेस्टर्नची युक्ती लक्षात येते. नायक मनाने संकल्पी हिंसा करतो आणि वेळ साधून तिला विरोधी हिंसेचा अंगरखा चढवतो. मारायचे हे त्याने पहिल्या पानावरच ठरवलेले असते. फक्त समोरच्याचा हात आधी हलेपर्यंत तो थांबतो.

छापील पान वाचताना ही युक्ती खपते, कारण डोळा पळतो. शब्दांवर पैसे मिळवणाऱ्या लेखकाने भर घातलेली असते: घोड्याला पाणी दाखवणे, पिस्तूल पुसून तेल लावणे, सलूनमध्ये भिंतीला पाठ लावून बसणे, खालच्या आवाजात विचारलेले दोन-चार प्रश्न. सराईत वाचक हे सारे नजरेखालून घालतो आणि शेवटच्या रस्त्यावर येऊन थांबतो. तिथे घटना वेगात होते, वाक्ये आखूड होतात, आणि खलनायकाचा हात आधी गेला एवढेच मनात ठसते. कानाला अशी उडी मारता येत नाही. वाचणारा तेल लावण्याचे वर्णन ज्या चालीने वाचतो त्याच चालीने गोळीही वाचतो. वीस मिनिटांच्या कथेतली पंधरा मिनिटे तयारीत जातात. त्या पंधरा मिनिटांत एक माणूस दुसऱ्याला मारण्याच्या बेताने वावरतो आहे, हे ऐकणाऱ्याला मिनिटामिनिटाने कळत राहते. मग अखेरीस ‘आधी त्याने हात घातला’ हे वाक्य येते तेव्हा ते वस्तुस्थिती म्हणून येत नाही, वकिलाच्या युक्तिवादासारखे येते. शिवाय छापील पानावर अर्धा सेकंद अर्ध्या सेकंदाएवढाच भासतो. आवाजात त्याचे वर्णन अर्धे मिनिट चालते, आणि त्या अर्ध्या मिनिटात मनाला पुरेसा अवकाश मिळतो.

याची उलट बाजूने परीक्षा घ्यायची तर एल्मोर लिओनार्ड यांची ‘थ्री-टेन टू युमा’ ही कथा घ्यावी. ‘डाइम वेस्टर्न’च्या मार्च १९५३ च्या अंकात ती आली, शब्दाला दोन सेंट या दराने लेखकाला सुमारे ९० डॉलर मिळाले. कथा जवळजवळ सगळी वाट पाहण्याची आहे. स्कॅलन नावाचा डेप्युटी किड या कैद्याला घेऊन कंटेन्शन गावातल्या हॉटेलच्या खोलीत बसला आहे. तीन दहाची गाडी यायची आहे. बाहेर किडचे साथीदार जमताहेत. आणि ज्याच्या भावाच्या खुनाचा आळ किडवर होता तो सूडासाठी खोलीत घुसू पाहतो, तेव्हा स्कॅलन कैद्याचाच जीव वाचवतो. ही कथा कानाने ऐकताना तिचे काहीच बिघडत नाही, उलट ती भरते. कारण तिचे नैतिक वजन गोळीवर नाहीच. स्कॅलनच्या मनात संकल्प आहे तो माणूस पोचवण्याचा. गोळ्या शेवटी सुटतात, पण त्या संकल्पाच्या आड किडचे साथीदार आले म्हणून. म्हणजे कान सगळ्याच वेस्टर्नला दोषी ठरवत नाही. तो फक्त हेतू आणि कृती यांतले अंतर मोजून दाखवतो.

एकाच गळ्याची गोष्टही पुष्कळांना मोठी वाटेल. नायक, खलनायक, सलूनवाला सगळे एकाच कंठातून बोलतात, म्हणून चांगला-वाईट हा भेद पुसट होतो, असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो पुरावा कच्चा वाटतो. कीर्तनाच्या आख्यानात एकच बुवा रामाचे आणि रावणाचे बोलतात, आणि त्यामुळे कोणा श्रोत्याची रामावरची श्रद्धा डळमळल्याचे ऐकिवात नाही. एक गळा भेद मिटवत नाही. तो फार तर दोघांचा श्वास एकच आहे याची आठवण ठेवतो, आणि मेलेल्या माणसाचे शेवटचे शब्द ज्या तोंडातून आले त्याच तोंडातून पुढचे वाक्य येते तेव्हा किंचित अवघडलेपण निर्माण करतो. अधिक काही नाही.

आक्षेप याहून जड आहेत. पहिला: ही गल्लाभरू करमणूक, तिच्यावर अक्वायनस आणि उमास्वाती लादणे म्हणजे भेळेच्या कागदावर भाष्य लिहिणे. पण ज्या गृहीतांबद्दल कोणी वाद घालणार नाही अशीच गृहीते करमणूक वापरते. ‘सुरुवात त्याने केली’ या एका वाक्यावर लाखो वाचक समाधानी झाले, हे कोणत्याही प्रबंधापेक्षा त्या समाजाच्या नीतिकल्पनेबद्दल जास्त सांगते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: लोक भाजी चिरताना, गाडी चालवताना, दीडपट वेगाने ऐकतात; मग कसले श्रवण? आपल्याकडे श्रवणापाठोपाठ मनन आणि निदिध्यासन येते, आणि भाजी चिरताना ते होत नाही हे खरेच. तरी वेग वाढवला की सगळ्याचा सारखाच वाढतो. तयारीचे आणि गोळीचे प्रमाण तेच राहते. डोळा नेमके ते प्रमाण मोडतो. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पार्श्वसंगीत, टापा आणि बंदुकीच्या बारासह केलेले नाट्यरूपांतर असेल तर माझे म्हणणे लागू पडत नाही. तिथे बार होतो, अंग दचकते, आणि अर्धा सेकंद पुन्हा अर्धा सेकंद होतो.

आणि एक गोष्ट कानानेही दुरुस्त होत नाही. या कथांत मेक्सिकन आणि मूळ रहिवासी, ज्यांच्या जमिनीवर हे सारे चालले आहे, ते बहुधा मोडके-तोडके बोलतात किंवा बोलतच नाहीत. वाचणाऱ्याला तो नकली बोलीचा संवाद उच्चारावा लागतो. छापील पानावर जी गोष्ट सवयीने नजरेआड होते ती तोंडाने काढताना लाजिरवाणी होते, हे खरे. पण लाज वाटणे म्हणजे त्यांना आवाज मिळणे नव्हे. अपाचे माणसाच्या बाबतीत आधी हात कोणाचा गेला हा प्रश्नच या कथा विचारत नाहीत. तिथे अर्ध्या सेकंदाचीही गरज भासत नाही. नायकाचा बचाव उघडा पडण्यासाठी मुळात बचाव द्यावा लागलेला असला पाहिजे.

या सगळ्या कथांच्या मागे ओवेन विस्टर यांची १९०२ ची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी उभी आहे. ती पल्पमधली नव्हे, पण रस्त्यावरच्या त्या चालीचा साचा तिनेच लोकप्रिय केला. तिथेही खलनायक ट्रॅम्पास आधी गोळी झाडतो आणि नायक मोकळा राहतो. पण विस्टर यांनी त्याच्या आधी एक प्रसंग ठेवला, जो पल्पने उचलला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी नायक बिशपकडे जातो आणि सांगतो की त्या माणसाने सूर्यास्तापूर्वी गाव सोड म्हणून धमकावले आहे. बिशपला ठाऊक आहे की त्याचा धर्म काय सांगतो. तो समजावतो, पण नायकाला अडवू शकत नाही. आणि तो निघून गेल्यावर, खोलीत एकटा उरल्यावर, त्याला आशीर्वाद देतो. छापील पानावर हे मोजकेच शब्द आहेत आणि वाचकाला पुढे जायची घाई असते. मोठ्याने वाचणाऱ्याला मात्र सूर ठरवावा लागतो. ते शब्द पाठिंब्याचे म्हणून वाचायचे, की हतबलतेचे, की ज्याला आपण थांबवू शकलो नाही त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे?