अर्ध्या मिलिमीटरची दया

वडिलांनी मागे ठेवलेल्या वस्तूंत एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. तिच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. कोल्हापूरच्या रस्त्यांवर ते कधी नडले नाहीत. पण गेल्या मे महिन्यात करूळचा घाट उतरताना ड्रम तापून फुगले आणि पायाखालचे पेडल तळाला जाऊ लागले. मागच्या बाकावर आई आणि मुले होती. पहिल्या गिअरमध्ये गाडी कशीबशी खाली आणली.

शिवाजी उद्यमनगरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वर्कशॉप आहे. नववीत गणितात त्याला 34 गुण पडले होते. पस्तिसावा मी घातला होता. तो म्हणाला, “सर, ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो. पुढच्या दोन चाकांना नव्या गाडीच्या डिस्क बसवू.” पण या गाडीचे त्या गाडीला जुळते कुठे? मधला सांधा, म्हणजे ब्रॅकेट, घरीच करावा लागणार होता.

बारा मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट कापून त्याने दोन ब्रॅकेट केले. दिसायला किरकोळ तुकडे. पण चाकाबरोबर फिरणारी डिस्क कॅलिपर चिमटीत धरतो, तेव्हा ती त्यालाही आपल्याबरोबर ओढू पाहते. त्याला जागेवर रोखतो तो हा ब्रॅकेट. शिवाय वेग दुप्पट झाला की थोपवायची ऊर्जा चौपट होते.

रात्री साडेनऊला कळले, एका ब्रॅकेटचे भोक अर्धा मिलिमीटर सरकले आहे. मीच म्हणालो, “अरे, गोल कानस मार, वॉशर टाक. चालेल!”

तो म्हणाला, “सर, सैल भोकात बोल्ट हलायला जागा राहते. प्रत्येक ब्रेकला तो थोडा थोडा ढिला होईल.” आणि दिवसभराचे काम त्याने भंगारात टाकले.

मला राग आला, मग लाज वाटली. गाडीतल्या फेरफारांवर 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाची बंधने आहेत, त्यांची पूर्तता आम्ही यथावकाश केलीही. पण त्या रात्री तिथे कायदा उभा नव्हता. होतो ते आम्ही दोघेच.

घरी येताना मनात आले, एक गुण वाढवणे ही दया, तर अर्धा मिलिमीटर सोडून देणे हा गुन्हा का? दोन्हीकडे कमी पडलेले पदरात घ्यायचे होते. मग उमगले. इंजिन गाडीवाल्याचे असते. ब्रेक मात्र रस्त्यावरच्या सर्वांचा असतो. माझ्या ‘चालेल’ची किंमत मी देणार नव्हतो. ती दिली असती एखाद्या वळणावर रस्ता ओलांडणाऱ्या पोराने, ज्याला कोणी विचारलेलेच नव्हते. दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म तो कसला?

पण मग तो पस्तिसावा गुण? त्याची किंमत कोणीच दिली नसेल, असे मी आजवर धरून चाललो होतो. आता तितकी खात्री वाटत नाही.

तो चुकलेला ब्रॅकेट मी भंगारातून मागून आणला. सहामाहीचे पेपर तपासताना तो टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. गुण मी अजूनही वाढवतो. पण त्याआधी हात क्षणभर त्या सरकलेल्या भोकाशी थांबतो.