खाण, कायक आणि छायाचित्र

भरभराटीच्या दिवसांत ज्या धंद्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, तो मरणपंथास लागला म्हणजे त्याच्या दारी छायाचित्रकारांची रीघ लागते, ही आपल्या काळाची एक विलक्षण रीत होय. २०१८च्या डिसेंबरात प्रोस्पर-हानिएल ही जर्मनीतील दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली आणि रूर खोऱ्यातील तो उद्योग संपला. परंतु बर्न्ड आणि हिला बेखर हे छायाचित्रकार दांपत्य १९५९पासूनच अशा प्रदेशांतील खाणींचे मनोरे, भट्ट्या आणि पाण्याच्या टाक्या टिपीत हिंडत होते. आभाळ ढगाळ असावे, प्रकाश सपाट असावा आणि चौकटीत माणूस नसावा, हा त्यांचा दंडक. पुढे १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या छायाचित्रांना सुवर्णसिंह पारितोषिक मिळाले, तेही शिल्पकलेचे! परीक्षकांनी त्या दिवशी अजाणता एका धर्मविचारात हात घातला, असे आम्हांस वाटते. कारण चित्राची जर मूर्ती झाली, तर त्या मूर्तीत नेमके कोण वसते, हा प्रश्न मागोमाग येतोच.

आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सरहद्दीवर कोळशाचा थर नाही. निझामी रेल्वेला कोळसा पुरविणाऱ्या सिंगरेणीच्या खाणी दूर पूर्वेला; आमच्या वाट्याला आला तो शहाबाद, चित्तापूर, सेडम या पट्ट्यातला चुनखडीचा दगड, ज्याच्या फरशीवर पुण्यामुंबईची निम्मी स्वयंपाकघरे एके काळी उभी होती. खाणीच्या पायरीवर उकिडवा बसलेला कामगार थराच्या सांध्यावर छिन्नी धरतो, हलक्या हाताने हातोडीचे घाव देत ओळीने पुढे सरकतो, आणि दगडाचा नाद किंचित बदलला की थांबतो. मग पहार सारून तो थर हलकेच उचकटला की लादी सबंध सुटते. त्याचे सारे कसब त्या कानात आहे. चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्यांनी शहरी घरांतून शहाबादीची हकालपट्टी केली, मागणी ओसरली, आणि आता कॅमेरे घेऊन मंडळी येऊ लागली आहेत. चित्रात खाण येते, हात येतो, धूळ तर फारच सुरेख येते. नाद तेवढा येत नाही.

याच मुलखातील कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात शरणांनी, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शिवभक्त संतांनी, कायकाचा, म्हणजे स्वतःचे श्रम हीच पूजा हा, सिद्धांत मांडला. मोळिगे मारय्या हा काश्मीरचा राजा सर्वसंगपरित्याग करून येथे आला आणि लाकडाच्या मोळ्या विकून राहू लागला, असे परंपरा सांगते. त्याच्या झोपडीत बसवण्णांनी गुपचूप ठेवलेले सोने आपल्या श्रमाचे नव्हे म्हणून त्याने जंगमांत, म्हणजे फिरत्या शिवभक्त साधूंत, वाटून टाकले, अशीही कथा आहे. मारय्याचे त्या काळचे चित्र नाही. त्याची वचने, म्हणजे कन्नड गद्यकाव्ये, आहेत, आणि ती त्याच्याच मुखातली आहेत. मंदिराविषयी उदासीन असलेल्या या शरणांनी रूपाचा मात्र सर्वस्वी त्याग केला नाही, ही गोष्ट विसरता कामा नये: इष्टलिंग, म्हणजे शिवाचे लहानसे चिन्ह, अंगावर धारण करावयाचे, तळहातावर घेऊन पूजावयाचे, आणि देहाबरोबरच ते समाधीत जावयाचे. रूपास त्यांची हरकत नव्हती. भक्ताच्या हातातून सुटून परक्याच्या गाभाऱ्यात, परक्याच्या देखरेखीखाली कायमचे बसलेल्या रूपास होती.

या कसोटीवर बेखर दांपत्याची चित्रे देवळे ठरतात. फार देखणी देवळे. कोणी म्हणेल, सेबास्तियाव सालगादोने तर १९८९ साली धनबादच्या कोळसा खाणींत माणसेच टिपली. खरे आहे, आणि त्या चित्रांपुढे आम्हीही स्तब्ध झालो आहो. तथापि माणूस चौकटीत आला एवढ्याने तो तिचा धनी होत नाही; काळवंडलेला तो चेहरा दूरदेशीच्या भिंतीवर भव्य दिसतो, पण त्याचे नाव तेथे कोण विचारतो? अनित्याचे चित्र घेतल्याने ते नित्य होत नाही, हे तर बौद्धांपासून वेदान्त्यांपर्यंत सारेच मान्य करतील. तेव्हा चित्राने काळावर मात केली की नाही, हा वाद आम्ही सोडून देतो. त्या चित्रावर मालकी कोणाची आणि वचन कोणाचे, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे. आणि आजवर बहुतेक ठिकाणी उत्तर कामगाराच्या विरुद्ध गेले आहे.

म्हणून सेडम-शहाबादकडे कॅमेरा घेऊन निघालेल्यांस विनंती, की प्रदर्शनाच्या आधी एक प्रत त्या कामगाराच्या हाती द्यावी, आणि ज्या प्रती जगासमोर मांडावयाच्या त्यांखाली त्याची संमती घेऊन त्याचे नाव, गाव, दिवसाची मजुरी आणि त्या दगडाविषयी तो जे बोलला ते त्याच्याच बोलीत, कन्नड असो, उर्दू असो वा मराठी, जसेच्या तसे छापावे.