कोऱ्या पानांचं काय करायचं?

नियमित डायरी लिहिणारा माणूस वर्षभर आजारी पडला, तर बरं झाल्यावर त्याने मधली कोरी पानं भरावीत का? प्रश्न किरकोळ वाटेल. पण गेले काही महिने मी त्यावरच अडून बसलोय.

मला मणक्याचा टीबी झाला होता. आयटीवाल्याची पाठ दुखली की सगळे आधी खुर्चीला दोष देतात. खरं कारण एमआरआयमध्ये दिसलं. फुप्फुसाच्या साध्या टीबीचा कोर्स साधारण ६ महिन्यांचा असतो, मणक्याचा वर्षभर किंवा त्याहून लांब. माझा १४ महिने चालला. कमरेला पट्टा, सकाळी उपाशीपोटी गोळ्या, रिफाम्पिसिनमुळे नारिंगी झालेली लघवी. या काळात डायरीत एक ओळ नाही.

बरा होऊन लिहायला बसलो तर तयार वाक्यं डोक्यात हजर होती. ‘आजारपणाने मला थांबायला शिकवलं.’ ‘आयुष्याकडे नव्याने बघायला लागलो.’ लोकांनाही हेच ऐकायचं असतं. भेटायला आलेले काका विचारतात, “मग, काय शिकलास यातून?” जणू औषधांचा नाही, कसला तरी सर्टिफिकेट कोर्स करून आलोय.

अडचण अशी, की यातलं काहीही मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा पंख्याकडे बघत पडलेलो असायचो. पुढची गोळी आणि पुढची कूस, विचार एवढाच.

आर्थर फ्रँक या समाजशास्त्रज्ञाला स्वतःला हार्ट अटॅक आणि मग कॅन्सर येऊन गेला. १९९५ च्या ‘द वुंडेड स्टोरीटेलर’मध्ये तो आजाराच्या गोष्टींचे तीन प्रकार सांगतो: पुन्हा पहिल्यासारखं होण्याची गोष्ट, आजारातून काहीतरी गवसल्याची गोष्ट आणि नुसत्या गोंधळाची गोष्ट. तिसरी खरं तर गोष्ट होतच नाही. जो त्यात अडकलाय त्याला ती सांगता येत नाही, कारण सांगायला थोडं लांब जावं लागतं. आणि लांब गेलं की तो गोंधळ उरत नाही. मग नंतर लिहिलेलं सगळं खोटंच का?

इथे मला रोजच्या कामातली एक गोष्ट उपयोगी पडली. गिट प्रत्येक कमिटसोबत दोन तारखा ठेवतं: बदल मुळात कधी लिहिला ती, आणि तो इतिहासात या रूपात कधी नोंदवला गेला ती. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात. नंतर कुणी हात लावला की त्या वेगळ्या होतात. तेवढ्याने बदल खोटा ठरत नाही.

आठवणींचंही तसंच असावं. उशिरा लिहिण्यात खोटेपणा नाही. आजची समजूत तेव्हाच्या तारखेखाली घुसवण्यात आहे. त्या पलंगावरच्या मुलाच्या तोंडी मी शहाणपण घातलं, तर त्याचं खरं दुखणं मीच पुसून टाकतो. शिवाय आत्ता, हे वाचताना, कुणीतरी तसंच पडून असेल. माझं ‘शिकवलं’ वाचून त्याला वाटेल, मला कसं काहीच सुचत नाहीये? दुखण्यावर आणखी एक परीक्षा लादायचा अधिकार मला कुणी दिला?

त्या दिवसांची एक नोंद मात्र घरात आहे. दुधाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानांवर, आईने तारखा टाकून गोळ्यांपुढे खुणा केल्यात. मधेच ‘उलटी झाली’, ‘अर्धी पोळी खाल्ली’. एका तारखेपुढे फक्त ‘बोलला नाही’. अर्थ कुठेच काढलेला नाही. म्हणजे ते दिवस नोंदले गेलेच नाहीत असं नाही. ते माझ्या अक्षरात नाहीत, इतकंच.

म्हणून कोरी पानं मी कोरीच ठेवलीत. आठवेल ते लिहितो, पण आजच्या तारखेखाली. काकांच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. उत्तर नसतानाही माणूस बरा होतो, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.