कुणाचे कान प्रमाण?

मागच्या दिवाळीत खुटबावच्या घरी स्पीकरची नवी जोडी आणली. आधी लावलं ते टाळ-पखवाजावरचं भजन. दहा मिनिटांत माझे कान शिणले. टाळ टोचत होता, 'स' आणि 'श' शिट्टीसारखे येत होते. शौकीन लोक अशा स्पीकरांना 'ब्राइट' म्हणतात. वरच्या फ्रिक्वेन्सी ते जरा जास्तच पुढे ढकलतात.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे 'वॉर्म' अँप्लिफायर जोडा. मी गणित मांडून पाहिलं. चांगला ट्रान्झिस्टर अँप आवाजाचा रंग जवळजवळ बदलतच नाही. व्हॉल्व्हच्या अँपचा आउटपुट इम्पीडन्स २ ओहम धरला आणि स्पीकरचा ४ ते २० ओहम असा वरखाली होत असेल, तर पावणेतीन डेसिबलपर्यंत फरक पडतो. पण दबणार काय आणि चढणार काय, हे त्या स्पीकरच्या आलेखावर ठरतं. अँपची ताकद कमी पडली तर मात्र मोठ्या आवाजात लहरींचे शेंडे कापले जातात आणि गायकाने न गायलेली कर्कश भर पडते. माझा अँप तसा कमी पडत नव्हता. खोलीचाही दोष होता: शहाबादी फरशी, उघड्या भिंती. भिंतीला गोधडी टांगली, स्पीकर थोडे तिरके केले, ट्रेबलचा नॉब खाली आणला. टाळ शांत झाला. मी खूश.

ओसरीवरून आप्पा म्हणाले, "आता शब्दच कळंनात की रं."

आप्पांची पंचवीसेक वर्षं गुऱ्हाळावर गेली, चरक आणि इंजिनाच्या शेजारी. सततच्या दणक्याने कान बिघडतात तेव्हा पहिला खड्डा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. वयानुसार वरचे आवाजही ओसरत जातात. आणि 'स', 'त', 'क' ही व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः २,००० हर्ट्झच्या वरच्या आवाजावरून. मला जे टोचत होतं, त्याच्याच आधाराने आप्पा अभंगाचे शब्द पकडत होते. यवतला पालखीच्या मुक्कामात त्यांनी स्वतः टाळ धरलेला. तो टाळ त्यांना घरात पुन्हा ऐकू आला होता आणि मी तो 'दुरुस्त' केला.

हाय-फायमधला 'फाय' म्हणजे फिडेलिटी, इमान. पण इमान कुणाशी? रेकॉर्डिंगशी, असं मी म्हणत आलो. प्रत्यक्षात मी माझ्या कानांशी इमान राखत होतो आणि त्यालाच सत्य म्हणत होतो. म्हणून सगळंच सापेक्ष आहे असं नाही. मापनात ३ डेसिबलचा उंचवटा दिसला तर तो तिथे आहेच. कापलेली लहर हा दोषच, कुणीही ऐको. पण 'जास्त झालं' हे मीटर सांगत नाही. त्याला कान लागतो, आणि प्रत्येक कानामागे एक आयुष्य असतं. माझे कान शाबूत आहेत, कारण माझी इंजिनिअरिंगची फी आप्पांनी त्या इंजिनाशेजारी उभं राहून भरली. मग माझे कान प्रमाण आणि त्यांचे बिघडलेले, हे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

कानाच्या तपासणीला आप्पा आता तयार झालेत. श्रवणयंत्र आलं तर नॉब पुन्हा ठरवू. तोवर भजनाच्या वेळी ट्रेबल वर असतो आणि मी बाजूला, दाराशी बसतो. तिथे जरा कमी टोचतं.