अर्थार्थी तरुणाचा परिप्रश्न

श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपणांस भजणाऱ्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ह्या चौघांत ज्ञानी श्रेष्ठ खरा. परंतु अर्थाची इच्छा मनात धरून येणाऱ्यालाही भगवंतांनी पुण्यवानांतच गणले आहे आणि हे सगळेच उदार होत, असा निर्वाळाही लागलीच दिला आहे. ह्या स्थळाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. पैशाविषयी प्रश्न घेऊन आलेल्या तरुणाला ‘हा मायेचा बाजार आहे, ह्यापासून दूर राहा’ असे सांगून वाटेला लावण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. भगवंतांनी ज्याला दारात उभे केले, त्याला प्रवचनकाराने दाराबाहेर घालवावे, हे काही गीतेला धरून नाही.

इंदूरसारख्या शहरातील एक मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. वडील सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले आहेत. ग्रॅच्युइटीची आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम बँकेत जमा झाली आहे. मुलगा चोवीस वर्षांचा, एका कंपनीत नोकरीला, महिना बत्तीस हजार वेतन. रात्री घर निजल्यावर तो मोबाइल उघडतो आणि ओळखदेख नसलेल्या माणसांना प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न : ह्या नोकरीत पुढे काही दिसत नाही, सोडू का? दुसरा : महिन्याला पाच हजार उरतात, कोठे घालू? तिसरा प्रश्न तो लिहितो आणि पाठविण्याआधीच पुसून टाकतो. वडिलांच्या पैशांतून पाच लाख घेऊन वायदेबाजारात ऑप्शन्स घेतले आणि सहा महिन्यांत दुप्पट करून गुपचूप परत ठेवले, तर काय हरकत आहे, हा तो प्रश्न. वडील पलीकडच्याच खोलीत निजलेले असतात.

हा मुलगा वाईट नाही. त्याला बहिणीच्या लग्नाची चिंता आहे, घरावरचे कर्ज फेडावयाचे आहे, आणि बरोबरीचे मित्र पुढे गेले ही टोचणीही आहे. मग तो वडिलांना का विचारीत नाही? कारण घरात पैशाविषयी कोणी कधी बोललेलेच नाही. वडिलांचे वेतन किती, हे त्याला नोकरीचा अर्ज भरताना प्रथम कळले. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांना स्तोत्रे शिकवितात, पाढे शिकवितात, ‘काटकसर कर’ असे दहा वेळा सांगतात. पण बँकेचे पासबुक मात्र कपाटाच्या आतल्या कप्प्यात राहते. मग मुलगा परक्याच्या दारी गेला, तर दोष एकट्या मुलाचा म्हणता येणार नाही. परक्यापुढे लाज वाटत नाही, हीच परक्याची सोय.

अर्जुनानेही प्रश्न विचारला. परंतु तो कोणत्या स्थितीत आणि कोणास विचारला, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो आपली दुर्बलता स्वच्छ बोलून दाखवितो. दैन्याने आपला स्वभाव झाकोळला आहे, धर्म कोणता हे उमगत नाही, जे निश्चित हिताचे असेल ते सांगावे, असे तो म्हणतो. ह्यात त्याने काहीही पुसून टाकलेले नाही. जो प्रश्न विचारण्याची लाज वाटते तोच खरा प्रश्न असतो, आणि अर्जुनाने तोच विचारला. शिवाय त्याने विचारले ते आपल्या रथाचे लगाम हाती असलेल्याला. सारथी रथीच्या पुढे बसतो; शत्रूचा बाण आला तर तो सारथ्यालाही लागतो. भीष्मांच्या शरवृष्टीत श्रीकृष्णांचे अंगही रक्तबंबाळ झाले, हे महाभारत सांगते. सल्ला देणारा त्याच रथावर बसलेला आहे की दूर टेकडीवरून बोट दाखवीत आहे, हा भेद लहान नव्हे.

पडद्यावरून ‘अमुक घ्या, तमुक विका’ असे सांगणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत हा भेद स्पष्ट दिसतो. ऐकणाऱ्याचे पैसे बुडाले तरी सांगणाऱ्याचे बुडत नाहीत. त्याची मिळकत शिकवणीच्या शुल्कातून होते, जाहिरातीतून होते, किंवा नवीन खाते उघडून दिल्याबद्दल दलालाकडून मिळणाऱ्या वाट्यातून होते. सगळेच लबाड असतात असे नाही. हिशेब सोपा करून सांगणारे, विम्याचा करारनामा वाचावयास शिकविणारे, कर्जाचा खरा दर उलगडून दाखविणारे प्रामाणिक लोकही त्यांत आहेत, आणि ज्या घरात कोणी बोलत नाही त्या घरातल्या मुलांवर त्यांचे उपकारच आहेत. प्रश्न ओळखण्याचा आहे.

चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याची रीत सांगताना भगवंतांनी नम्रता आणि सेवा ह्यांच्या मध्ये परिप्रश्न ठेवला आहे. प्रश्न आणि परिप्रश्न ह्यांत अंतर आहे. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी. नुसते ‘कोणता शेअर घेऊ?’ हा प्रश्न झाला. ‘आपण हे सांगता त्यात आपली मिळकत कोणती? आपली सरकारदरबारी नोंद आहे काय? हे चुकले तर माझे किती जाईल आणि आपले किती?’ हा परिप्रश्न झाला. आपल्या देशात शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांसाठी सेबीने 2013 साली आणि शेअरांविषयी संशोधन करून शिफारस करणाऱ्यांसाठी 2014 साली नियम केले. अशांना नोंदणी घ्यावी लागते आणि ती यादी सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नोंदणी नसता असे सल्ले देणाऱ्यांशी दलाल व इतर नोंदणीकृत संस्थांनी संबंध ठेवू नये, असा निर्बंध 2024 साली आला. जानेवारी 2025 मध्ये आणखी एक परिपत्रक निघाले : जो केवळ शिक्षण देतो असे म्हणतो, त्याने मागील तीन महिन्यांतील भाव वापरून कोणत्याही शेअरचे नाव पुढे करू नये. शिक्षणाच्या नावाखाली सल्ला विकला जात होता, म्हणूनच हे करावे लागले. नोंदणी म्हणजे शहाणपणाची हमी नव्हे; पण जो आपले नावही सांगत नाही, त्याच्या हाती पाच लाख देण्यापूर्वी एवढे तरी पाहावे. दुसरी एक जात तर ह्याहूनही भयंकर आहे. खोट्या अॅपमध्ये खोटा नफा फुगलेला दाखवावयाचा, आणि पैसे काढावयास गेल्यावर ‘आधी कर भरा’ म्हणून आणखी पैसे मागावयाचे. तेथे परिप्रश्न केला की बोलणे तात्काळ बंद पडते, आणि तेवढ्यानेच पारख होते.

आता त्या पुसून टाकलेल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू या, कारण तोच घर बुडविणारा आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाल्याचे आढळले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्याच पाहणीत तीस वर्षांखालील लोकांचे प्रमाण एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेल्याचे दिसले. म्हणजे ह्या अग्नीत उडी घेणाऱ्यांत तरुणच वाढत आहेत. पुढील 2024-25 ह्या वर्षीही शंभरांतील सुमारे 91 जणांना तोटाच झाला.

एवढे असूनही तरुण तेथे जातो ते कशाने, ह्याचे उत्तर गीतेने दुसऱ्या अध्यायात दिले आहे. विषयाचे चिंतन करता करता त्याचा संग जडतो, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश, अशी ती उतरती वाट आहे. मोबाइलच्या पडद्यावर हलणारी रेषा पाहणे हे चिंतन. पहिल्या दिवशी दोन हजार मिळणे हा संग. ‘उद्या दहा मिळवीन’ हा काम. चार हजार गेले की बाजारावर येतो तो क्रोध. गेलेले आजच वसूल करावयाचे म्हणून दुप्पट रक्कम लावणे हा संमोह. आणि हे पैसे वडिलांच्या म्हातारपणाचे आहेत ह्याचा विसर पडणे, ह्याहून स्मृतिभ्रंश म्हणजे आणखी काय असावयाचा? सोळाव्या अध्यायातील आसुरी मनुष्यही आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, असेच घोकत असतो.

हा रोग मोबाइलने आणला असे मात्र म्हणू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात द्यूतकाराची तडफड आहेच. फासे सोडून शेती कर, असा उपदेशही तेथेच आहे. मुंबईने तर हा ज्वर उघड्या डोळ्यांनी पाहिला. अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस अडला, आणि आपल्या कापसाचा भाव चढून मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जाऊ लागले. 1865 च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले, आणि 1 जुलै 1865 ह्या वायद्याच्या दिवशी देणे कोणालाच देता येईना. त्या काळी अफवा पायी चालत जात असे. आता ती खिशात असते, एवढाच फरक.

दुसरा प्रश्न, महिना पाच हजारांचा, त्या मानाने फार सात्त्विक आहे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक सुख आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे, तर राजस सुख ह्याच्या उलट, असे वर्णिले आहे. चक्रवाढ व्याजाचे गणित ह्याहून वेगळे नाही. दरमहा 5,000 रुपये वर्षाला 8 टक्के वाढीने तीस वर्षे ठेवले, तर भरलेले 18 लाख सुमारे साडेचौऱ्याहत्तर लाख होतात. हेच दहा वर्षे उशिरा आरंभिले, तर वीस वर्षांत भरलेल्या 12 लाखांचे सुमारे साडेएकोणतीस लाखच होतात. पहिल्या दहा वर्षांचे सहा लाख तेवढे कमी भरले, पण शेवटी पंचेचाळीस लाखांचा फरक पडला. बाजारात 8 टक्क्यांची हमी कोणी देत नाही आणि महागाईही ह्यातला वाटा खाते. तरी फरकाचे कारण बदलत नाही. दहाव्या अध्यायात, गणना करणाऱ्यांत मी काळ आहे, असे भगवंत सांगतात. तोच काळ कर्जदाराच्याही मागे लागलेला असतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना 3 टक्क्यांनी वाढते तेव्हा ती दोन वर्षांत दुप्पट होते. यास्तव अशी थकबाकी असताना गुंतवणुकीचा विचार करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. ती आधी फेडावी, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा, आरोग्याचा विमा घ्यावा, मग पाच हजारांचा विचार करावा.

नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर बाहेरून देणे कठीण. मात्र स्वधर्म ह्या शब्दाचा आधार घेऊन ‘आहे तेथेच चिकटून राहा’ असे सांगणे हा त्या शब्दावर अन्याय आहे. काम नकोसे झाले म्हणून पळणे वेगळे आणि आपल्या गुणाला साजेसे काम शोधणे वेगळे. ह्यांतले आपले कोणते, हे त्या मुलालाच ठाऊक.

तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. दुष्काळात दिवाळे निघाले, आणि पुढे वैराग्य बाणल्यावर त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंपरा ह्यात आणखी एक गोष्ट सांगते, ती सहसा सांगितली जात नाही. खते बुडविण्यापूर्वी त्यांनी त्यांची वाटणी केली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपलाच अर्धा बुडविला. एवढ्या वैराग्यातही दुसऱ्याच्या पैशाचा निर्णय आपण घ्यावयाचा नाही, हे भान सुटले नाही. जे वैराग्यासाठीसुद्धा वर्ज्य, ते लोभासाठी कसे चालेल? आणि भगवंतांनी तरी काय केले? अठरा अध्याय सांगून झाल्यावर, ह्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय अर्जुनाच्याच हाती ठेवला. जो सल्लागार ‘आज रात्रीच निर्णय घ्या, उद्या संधी जाईल’ म्हणतो, तो ह्याच्या नेमका उलट टोकाला उभा आहे.

इंदूरच्या त्या घरात मुलाने एका सकाळी चहाच्या वेळी विचारले, “बाबा, निवृत्तीचे पैसे तुम्ही कोठे ठेवणार आहात?” वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग उठून कपाटाच्या आतल्या कप्प्यातून पासबुक आणि त्याखालचा एक पिवळा पडलेला लिफाफा घेऊन आले. लिफाफ्यात 1992 सालची शेअरपत्रे होती. “कचेरीतल्या एकाच्या सांगण्यावरून घेतली होती, भाव चढत होते तेव्हा. बावीस हजार गेले. तुझ्या आईलादेखील सांगितले नाही आजवर.” आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने ऐकले. मुलाने ती पत्रे उलटून पाहिली, खाली ठेवली, आणि रात्री पुसून टाकलेला प्रश्न वडिलांना शब्दशः सांगितला.